चूक बरोबर शंभर मिलिमीटरची असेल, तर हसायला हरकत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साइट इंजिनिअर म्हणून तुम्ही अलीकडेच काम सुरू केले. बाथरूमच्या दाराची चौकट बसवायला घेतली, तेव्हा भिंतीतले ओपनिंग लहान निघाले. तुमचा संताप अनावर झाला असताना मिस्त्री, मुकादम आणि सुतार हे तिघेही हसत उभे होते. वर तुमच्या वरिष्ठांनी 'हसायला शिका, नाहीतर या धंद्यात निभाव लागायचा नाही' असे ऐकवले. हे हसणे म्हणजे शुद्ध बेफिकिरी नाही का, आणि रोजच्या मनस्तापाकडे विनोदाने पाहायचे म्हणजे नेमके करायचे काय, असे तुम्ही विचारले आहे.

हसावे की चिडावे हा माझ्या मते यातला खरा प्रश्न नाही. बांधकामावर दोन प्रकारचे हसणे ऐकू येते आणि लांबून दोन्ही सारखीच वाटतात. एक हसणे 'हे असे का झाले' हे क्षणात उमगलेल्या माणसाचे असते, तर दुसरे, 'झाले तर झाले, माझे काय जाते' असे वाटणाऱ्याचे. दोन्हींतला फरक ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे: हशा ओसरला की शांतपणे 'का झालं हे?' एवढेच विचारायचे. ज्याच्याकडून नेमके उत्तर येते, त्याचे हसणे अनुभवाचे असते. 'होतं असं साइटवर' एवढेच उत्तर देणाऱ्याच्या बाबतीत तुमचा संशय खरा धरायला हरकत नाही. तुमच्या त्या तिघांपैकी कोण कोणत्या गटातला होता, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. सुताराबद्दल मात्र अंदाज बांधतो. त्याची चौकट बरोबर होती आणि भिंत चुकली होती, तेव्हा त्याचे हसणे निव्वळ आनंदाचे असावे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही कंत्राटदाराचे इंजिनिअर आहात, सल्लागाराचे प्रतिनिधी आहात की मालकाच्या बाजूने देखरेख करता, यावर बरेच काही ठरते. चूक ज्याच्या पैशाने दुरुस्त व्हायची आहे, त्याच्या देखत तिच्यावर हसण्याचा पहिला हक्क त्याचा असतो. तो हसला नाही तर इतरांनीही हसू नये. एखाद्या मोठ्या प्रकल्पात भिंतीचा तुकडा पाडणे ही रोजची बाब असेल, पण आयुष्यभराची बचत घालून घर बांधणाऱ्या माणसाला तोच तुकडा पडताना पाहून काय वाटते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळले पाहिजे.

आता तुमच्या चौकटीकडे येतो. तुम्ही किती चिडलात हे सविस्तर लिहिले आहे, पण ओपनिंग किती मिलिमीटरने लहान होते ते लिहिलेले नाही, आणि सगळी गंमत तर त्या आकड्यात आहे. मोजमापातली चूक मागे आपली खूण ठेवून जाते. तफावत बरोबर १०० मिलिमीटर असेल, तर गुन्हेगार बहुतेक वेळा मोजपट्टीच असते. प्रत्येक साइटवर एक टेप अशी असते, जिचे टोक कधीतरी तुटलेले किंवा वाकलेले असते. मग शहाणा माणूस टोकाऐवजी दहाच्या खुणेवर बोट ठेवतो, दुसऱ्या टोकाला आकडा वाचला जातो, आणि त्यातून दहा वजा करायचे काम दोघेही एकमेकांवर सोपवून मोकळे होतात. ७५० रुंदीचे ओपनिंग ६५० चे होते आणि दोन्ही बाजूची माणसे शपथेवर सांगतात की मोजूनच केले आहे. ते खोटे बोलत नसतात. मोजले होतेच, फक्त वजाबाकी कोणी केली नाही.

तफावत २५ ते ३० मिलिमीटरची असेल, तर दोन्ही बाजूंच्या गिलाव्याचा हिशेब चुकला, असे मी धरून चालतो. नकाशावरचे माप कच्च्या भिंतीचे की गिलाव्यानंतरचे, हे कोणी विचारले नाही. चौकटीच्या दोन उभ्या लाकडांच्या जाडीच्या बेरजेइतकी तफावत असेल, तर कोणीतरी दाराच्या फळीचे माप चौकटीचे समजून ओपनिंग सोडले. खोलीच्या एका टोकाला चूक शून्य आणि दुसऱ्या टोकाकडे वाढत गेलेली असेल, तर आखणी करताना काटकोन तपासला गेला नाही. तीन, चार आणि पाच मीटरचा त्रिकोण धरायला लागणारी पाच मिनिटे वाचवण्यात आली. आणि तफावत एखाद्या माहीत असलेल्या आकड्याच्या बरोबर दुप्पट असेल, तर तो आकडा मिळवायचा होता तिथे वजा केला गेला आहे, किंवा उलट.

या शेवटच्या प्रकाराचे माझे आवडते उदाहरण जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर, लाउफेनबुर्ग येथे ऱ्हाइन नदीवर बांधलेल्या पुलाचे आहे. दोन्ही देश आपापल्या बाजूने पूल पुढे आणत होते. समुद्रसपाटी ठरवताना जर्मनी उत्तर समुद्राचा आधार घेतो आणि स्वित्झर्लंड भूमध्य समुद्राचा, त्यामुळे दोघांच्या शून्यात २७ सेंटिमीटरचा फरक पडतो. हा फरक अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होता आणि त्यांनी तो हिशेबातही धरला होता. फक्त दुरुस्ती चुकीच्या दिशेने केली गेली आणि २००३ मध्ये दोन्ही बाजूंमध्ये ५४ सेंटिमीटरची तफावत असल्याचे लक्षात आले. शून्य नव्हे, २७ नव्हे, चक्क ५४. म्हणजे ज्यांना फरक माहीतच नव्हता, त्यांच्या हातून निम्मीच चूक झाली असती. हे वाचून मी हसतो तेव्हा त्या अभियंत्यांना हसत नाही. अधिक आणि उणे या दोन चिन्हांनी अशा काळजी घेणाऱ्या माणसांनाही कसे पकडले, याचे मला हसू येते. तुमच्या मिस्त्रीचे हसणे याच जातीचे असू शकते.

मोजपट्टीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक प्रकार सांगतो, कारण तो तुमच्या डोळ्यांसमोर कधी ना कधी घडणारच आहे. पोलादी टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, जरासा ढिला असतो, बोटाने मागेपुढे हलतो. नव्या माणसाला वाटते की टेप खराब आहे. वास्तविक तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो आणि त्याची हालचाल त्याच्या स्वतःच्या जाडीइतकीच असते. एखाद्या फळीच्या कडेला आकडा अडकवून ओढला की तो बाहेर सरकतो आणि आतल्या कडेपासून माप धरले जाते. तोच भिंतीला टेकवून दाबला की आत सरकतो आणि स्वतःची जाडीही मापात घेतो. अशी ही बारीक सोय कोणीतरी विचार करून केलेली असते, आणि मग एखादा कामसू हेल्पर दुपारच्या मोकळ्या वेळात तिच्यावर हातोडी मारून आकडा घट्ट करून देतो, वर 'नीट केला साहेब' म्हणून सांगतो. त्या दिवसापासून त्या टेपने आतून घेतलेले माप आणि बाहेरून घेतलेले माप यांचे जमत नाही. यात वाईट हेतू कुठेही नाही, आळस तर मुळीच नाही. बांधकामावरचा बराचसा मनस्ताप असाच, चांगल्या हेतूने हातोडी मारल्यामुळे निर्माण होतो.

दुसरा मोठा मनस्ताप वाट पाहण्याचा आहे. एका स्लॅबच्या दिवसाचा मी मनातल्या मनात लिहिलेला अहवाल असा होता: 'सकाळी ९ ते ११, आम्ही काँक्रीटची वाट पाहिली. ११ ते १, काँक्रीटने आमची वाट पाहिली.' पहिल्या दोन तासांत ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट आणणारी गाडी, रस्त्यात अडकला होता आणि पुढच्या दोन तासांत, गाड्या रांगेने आल्यावर, पंपाची लाइन चोकअप झाली. माणसांनी वाट पाहिली तर फक्त मजुरी वाया जाते. काँक्रीटने वाट पाहिली तर ते घट्ट होत जाते, कारण सिमेंट आणि पाणी एकत्र आले की त्यांची रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. पाणी मिसळल्यापासून साधारण ९० मिनिटांत काँक्रीट ओतून व्हावे, असा जुना दंडक आहे. ऊन किती आहे आणि रिटार्डर (घट्ट होणे लांबवणारे रसायन) घातले आहे की नाही, यानुसार ही मुदत कमीजास्त होते, पण ती संपली की मग तुमच्या हातात काही राहत नाही.

नेमक्या याच वेळी कोणीतरी ड्रायव्हरला 'थोडं पाणी सोड' असे सांगतो. हे वाक्य इतक्या सहज म्हटले जाते की ऐकणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. आता हिशेब पाहा. सिमेंटची क्रिया पूर्ण व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्क्यांच्या आसपास पाणी पुरते. त्यापेक्षा जास्त घातलेले पाणी काम सोपे करते, मग उडून जाते आणि आपल्या जागी पोकळ्या ठेवून जाते. पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढले की ताकद घटते, हा संबंध अमेरिकी संशोधक डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्येच मांडून दाखवला होता. ढोबळमानाने एका घनमीटरला पाच लिटर पाणी वाढवले की स्लम्प (साचा उचलल्यावर ओले काँक्रीट किती खाली बसते ते माप) २५ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे मिश्रण डोळ्यांना छान पातळ दिसते, फावडे मारणाऱ्याला बरे वाटते आणि पंपवालाही खूश होतो. २८ दिवसांनी क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरून ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा, फुटतो तेव्हा यांपैकी कोणीही तिथे नसते. फक्त तुम्ही असता.

इथे हसावे का? उशिरावर जरूर हसावे. पाण्याच्या नळीवर हसू नये, ती हातातून काढून घ्यावी. स्लम्प घेण्याचा शंकू ३०० मिलिमीटर उंचीचा असतो, गाडीशेजारी ठेवून माप घ्यायला काही मिनिटेच लागतात, आणि खाली बसलेल्या काँक्रीटच्या ढिगाला वादात पडता येत नाही. 'पातळ करा' आणि 'नको' या भांडणात तुमचा आवाज चढण्याऐवजी शंकू मध्ये आला, तर निम्मा ताण तिथेच उतरतो. पातळ करणे खरोखरच गरजेचे असेल, तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारे रसायन) घालावे. मात्र तेही प्लँटला विचारून आणि मात्रा ठरवून.

क्युरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याचा, तमाशा तुम्ही एव्हाना पाहिला असेलच. काँक्रीट वाळून कडक होते, अशी समजूत अजूनही अनेकांच्या मनात पक्की आहे. वास्तविक ते पाण्याखालीही घट्ट होते, आणि सुरुवातीच्या दिवसांत वाळू दिले तर अर्धवटच राहते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला त्याहून जास्त दिवस ओलावा लागतो. साइटवरचा अलिखित नियम मात्र असा की इंजिनिअर जिन्यावर दिसला की पाणी सुरू होते, आणि सर्वांत दूरच्या कॉलमपर्यंत पाइप कधीच पोहोचत नाही. ओली फरशी पाहून फसू नका. कॉलमला गुंडाळलेले गोणपाट वर उचला आणि आतल्या बाजूने काँक्रीटला हात लावा. बाहेरून निथळणारे गोणपाट आतून कोरडे ठणठणीत निघाले, म्हणजे पाणी तुमच्यासाठी मारले होते, कॉलमसाठी नाही. हे एकदा सर्वांसमोर, न रागावता, उलट हसत करून दाखवा. पाणी मारणारा माणूस मूर्ख नसतो. आपण कशाची तपासणी करतो हे त्याने ओळखलेले असते आणि तो तेवढेच करतो. तुम्ही गोणपाटाच्या आत हात घालायला लागलात की पाणीही आत पोहोचायला लागते.

आता बांधकामातल्या सर्वांत लाडक्या वाक्याकडे वळतो: 'प्लास्टरमध्ये काढून घेऊ.' कॉलम ओळंब्यात नसला की गवंडी विटा जराशा सरकवून घेतो. विटांची रेषा चुकली की ती प्लास्टरमध्ये काढून घेतात. आतल्या बाजूचा गिलावा साधारण १२ मिलिमीटर आणि बाहेरचा २० असायचा, तो एका कोपऱ्यात ४० होतो. मग तिथली फरशी तिरकी कापावी लागते, स्कर्टिंगची जाडी जागोजागी बदलते आणि सरतेशेवटी सर्वांची पापे ब्रशने धुऊन काढण्याची जबाबदारी पेंटरवर येते. पेंटरच्या मागे कोणीच नसल्यामुळे त्याला 'पुढचा बघेल' असे म्हणण्याची सोय नसते. म्हणून साइटवर सर्वांत खिन्न चेहरा नेहमी त्याचा असतो.

हा प्रकार आजचा नाही. पिसाच्या मनोऱ्याचे काम ११७३ मध्ये सुरू झाले आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जाताजाताच तो एका बाजूला खचू लागला, कारण खालची माती मऊ होती. पुढे युद्धांमुळे काम जवळजवळ शतकभर बंद पडले. पुन्हा सुरू झाले तेव्हा वरच्या मजल्यांची कललेली बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा उंच बांधून कल भरून काढण्याचा प्रयत्न झाला, त्यामुळे तो मनोरा नुसता कललेला नाही, किंचित वाकलेलाही आहे. म्हणजे 'पुढच्या मजल्यात काढून घेऊ' हे वाक्य कोणत्या तरी भाषेत तेव्हाही उच्चारले गेले असणार. यातली खरी मौज अशी की काम इतकी वर्षे बंद राहिल्यामुळे खालच्या मातीला दबून घट्ट व्हायला वेळ मिळाला. एका दमात बांधला असता तर तो बहुधा तेव्हाच पडला असता, असे भूतंत्रज्ञ मानतात. विलंबामुळे वाचलेली इमारत म्हणून तिचे नाव घ्यावे लागेल. मात्र तुमच्या विलंबाच्या खुलाशात हे उदाहरण देऊ नका, ते कोणालाही आवडत नाही.

'काढून घेऊ' हे कोणत्या प्रसंगी चालते आणि कोणत्या प्रसंगी चालत नाही, हे मात्र गांभीर्याने ठरवावे लागते. विटांच्या तोंडात पाच-सात मिलिमीटर कमीजास्त असणे ही गिलाव्यासाठी सोडलेलीच जागा आहे. त्यावरून आरडाओरडा करणाऱ्या इंजिनिअरला हसतात आणि ते योग्यच करतात. पण कॉलम ओळंब्याबाहेर असणे, सळईवरचे काँक्रीटचे आवरण (कव्हर) कमी पडणे, काँक्रीटमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहणे, या गोष्टी गिलाव्याखाली जातात, नाहीशा होत नाहीत. पोकळी दिसल्यावर कोणीतरी धावत थापीभर माल घेऊन आला, की 'आधी फोटो, मग डिझायनरला फोन, मग माल' हा क्रम मी कधी सोडत नाही.

मालक आणि वास्तुविशारद यांच्याकडून येणाऱ्या बदलांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण सगळ्याचे मूळ एकच असल्यामुळे एका उदाहरणात आटोपतो. 'फक्त दार जरा उजवीकडे सरकवायचं आहे' असे मालक म्हणतो, तेव्हा त्याला फक्त दार दिसत असते. तुम्हाला त्या दारावरचे लिंटेल (भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई), भिंतीत गाडलेला विजेचा पाइप, उघडल्यावर दाराच्या मागे लपणारा स्विचबोर्ड आणि उंबऱ्याशी जुळवलेली फरशीची ओळ दिसते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. इथे चिडून 'आता शक्य नाही' म्हणणे हे सर्वांत निरुपयोगी उत्तर, कारण दार नक्कीच सरकवता येते. मालकाला त्या जागी न्यावे, दार जिथे येणार आहे तिथे उभे करावे आणि खोलीत शिरून अंधारात दिवा लावायला सांगावे. हात दाराच्या मागे चाचपडू लागला की तो स्वतःच हसतो, आणि निम्म्या वेळा दार जागच्या जागी राहते. उरलेल्या निम्म्या वेळा ते सरकते. तेव्हा सुधारित नकाशावर सही घेऊन, खर्च आणि दिवस लिहून देऊन, मुकाट्याने सरकवावे. जुना नकाशा त्याच दिवशी भिंतीवरून काढून टाका. नवा नकाशा फोनमध्ये असतो आणि जुना प्लास्टिकच्या वेष्टणात भिंतीवर छान दिसत असतो. मिस्त्री अर्थातच भिंतीवरचा वाचतो.

काम ९० टक्के झाले आहे असे सांगणाऱ्यांबद्दलही तुम्ही तक्रार केली आहे. त्यांचे म्हणणे खोटे नसते. उरलेल्या दहा टक्क्यांत प्लंबर इलेक्ट्रिशियनची, इलेक्ट्रिशियन फॉल्स सीलिंगवाल्याची आणि सीलिंगवाला प्लंबरची वाट पाहत असतो एवढेच. सिडनीचे ऑपेरा हाऊस १९६३ मध्ये ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पूर्ण व्हायचे होते, ते १९७३ मध्ये १० कोटी २० लाखांत झाले. तिथेही मधल्या काळात कोणीतरी टक्केवारी सांगितलीच असेल. माझ्यापुरता मी टक्के विचारणे सोडून दिले आहे. 'काय काय राहिले आहे आणि त्यातले प्रत्येक काम कोणासाठी अडले आहे' असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत देणे फार अवघड जाते.

आता थट्टेबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वेगळेच शल्य दिसते: नवखे म्हणून तुम्हाला 'पाणसळीतला बुडबुडा संपलाय, स्टोअरमधून नवा घेऊन या' असे सांगून पाठवले गेले. नव्या माणसाला अस्तित्वातच नसलेली वस्तू आणायला पिटाळण्याची ही प्रथा जगभरच्या कारागिरांमध्ये आहे; कुठे डावखुरा हातोडा मागवतात, तर कुठे पाणसळीसाठी वजने. तुम्ही चिडलात हे समजण्यासारखे आहे, पण याचे उत्तर पाणसळीनेच देता येते. ती एका सपाट जागेवर ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते पाहा, मग टोके उलटी फिरवून त्याच जागी पुन्हा ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा जागेच्या (पाणसळीच्या नव्हे) एकाच बाजूला, सारखाच सरकलेला दिसला तर जागा तिरकी आहे आणि पाणसळ बरोबर. दोन वेळा वेगळे दाखवले तर पाणसळच बिघडलेली आहे. साइटवरच्या सगळ्या पाणसळी गोळा करून हे करा. एखादी खोटी निघाली, तर 'बुडबुडा खरंच संपलाय' असे सांगून ती मुकादमाच्या हातात द्या.

अशा थट्टेला मी एकच कुंपण घालतो. जमिनीवर, मोकळ्या हातांनी आणि दोघांनाही हसता येईल अशी असेल, तर ती चालू द्यावी. परांचीवर, उघड्या वायरजवळ, क्रेनच्या टप्प्यात किंवा खोदलेल्या चरात थट्टा दिसली की काम थांबवावे, मग करणारा कितीही जुना असो. अनेक देशांच्या नोंदींत बांधकामावरच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण उंचावरून पडणे हेच आहे. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. चराची कड ढासळल्यावर 'अरे, मजा करत होतो' म्हणायला वेळ मिळत नाही. हेल्मेटला 'टोपी' म्हणून हिणवणे, पट्टा बांधणाऱ्याला भित्रा म्हणणे, हे दिसायला विनोद असतात आणि प्रत्यक्षात दमदाटी असते. स्लॅब चालू असताना शटरिंगखालून करकर आवाज आला आणि कोणी त्यावर कोटी केली, तर हसू नका. आधी माणसे बाहेर काढा, मग टेकू पाहा.

एवढ्या लांबणीनंतर तुमच्या मूळ प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो. तुमच्या वरिष्ठांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. कारण कळले, चूक दुरुस्त होण्यासारखी आहे आणि कोणाच्या जिवावर किंवा बचतीवर बेतलेले नाही, अशा ठिकाणी हसण्याने काम पुढे सरकते, कारण हसणारा माणूस चूक लपवत नाही. ज्या साइटवर इंजिनिअर प्रत्येक गोष्टीवर ओरडतो, तिथे त्याला चुका शेवटी कळतात, गिलाव्यानंतर. आणि विनोद करायचाच, तर तो चुकीच्या कारणावर करावा, टेपवर, पाइपवर, त्या बुडबुड्यावर. मजुराच्या गावावर, बोलीवर किंवा शिक्षणावर नव्हे. तो तुम्हाला उलट उत्तर देऊ शकत नाही, म्हणून ती थट्टा राहत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. विनोद तोंडी ठेवा, साइट डायरीत आणू नका. मघाचा तो 'काँक्रीटने आमची वाट पाहिली' हा अहवाल मी मनातच लिहिला. डायरीत गाडी निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ, चलन क्रमांक, पंप बंद पडल्याची वेळ, थांबून राहिलेल्या माणसांची संख्या आणि कोणाला कळवले, एवढेच गेले. मुदतवाढीचा किंवा बिलाचा वाद उभा राहिला की हीच डायरी वर्षा-दोन वर्षांनी अनोळखी माणसांसमोर वाचली जाते आणि त्यांना तुमची साइट माहीत नसते, तुमचा स्वभावही माहीत नसतो. तक्रारीच्या पत्रांचेही तेच. रागात पत्र जरूर लिहा, फक्त ते रात्रभर ठेवा आणि सकाळी त्यातली विशेषणे खोडून पाठवा. विशेषणे खोडल्यावर मागे एकही तारीख, माप किंवा वेळ उरली नाही, तर ते पत्र फाडून टाका आणि टेप घेऊन पुन्हा एकदा मोजायला जा.